मोर्शीहून येणारा आवाज

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरनं मले कमी बोला म्हणून सांगतलं. छातीचे टाके कच्चे आहेत म्हणे, बोललं की ओढ बसते. मले कमी बोल म्हणणं म्हणजे कोंबडीले उकरू नोको म्हणणं. वर्षाली हसली अन् तिनं बॅगेतून ही कोरी वही काढून देली. म्हणे, "आजी, जे बोलाचं राह्यलं ते इथी लिही."

तं मी सुंदराबाई, राहणार अकोला, शिक्षण तिसरी पास. चौथीत नाव होतं, पण शाळेपेक्षा म्हशीमागं जास्त गेली. लग्नानंतर सरकारी दवाखान्यात शिपायाची नोकरी लागली, सव्वीस वर्षं केली. केसपेपरवरची नावं वाचता वाचता वाचणं पक्कं झालं, लिहणं असंतसंच राह्यलं. वर्षाली म्हणते चुका होऊ दे, इथी मास्तर नाई बसला.

वर्षाली माह्या सुगतची एकुलती एक पोरगी. अमरावतीले कॉम्प्युटर इंजिनिअरच्या शेवटच्या वर्षाले आहे. होस्टेलवर राह्यते, पण माह्यं ऑपरेशन झालं अन् ती लॅपटॉप उचलून घरीच आली. सतरा डिसेंबरले तिची प्रोजेक्टची तोंडी परीक्षा आहे, तवापर्यंत माह्याजवळ. मले तं ऑपरेशन गोड झालं बाप्पा.

सकाळी सुभद्राचा फोन आला. सुभद्रा माह्यी लहानी बहीण, मोर्शीले राह्यते. बाकी भावंडं गेली, आता आमी दोघीच. म्हणे, "बाई, तुह्यी छाती फाडली तं आत काय निंगालं वं?" मी म्हटलं, "तुह्या साऱ्या चुगल्या निंगाल्या, लहानपणापासूनच्या." हसली तं टाके दुखले. सून ज्योत्स्नानं फोन हिसकला.

डॉक्टरनं ऑपरेशनपासून सात हप्ते प्रवास नाई म्हटलं. एकवीस डिसेंबरले सात हप्ते होतात. त्या दिवशी मी मोर्शीले जाणार अन् महिनाभर सुभद्रापाशी राहणार, असं आमचं ठरलं. मी बोटावर दिवस मोजून राह्यली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वर्षालीच्या सरनं तिले सांगतलं की तुह्यं प्रोजेक्ट घरच्या बुढीले समजावून दाखव, तिले समजलं तं तुले समजलं. तं ते बुढी मी.

कॉम्प्युटरात एक प्रोसेसर असते, सारी आकडेमोड तो करते. भल्ला घाईचा माणूस. अन् त्याले लागणारी माहिती राह्यते मेमरीत, ती जराशी दूर. आपल्या हिशेबानं बोटभर अंतर, पण तो इतका घाईचा की एक गोष्ट मागतली अन् ती येईपर्यंत त्याची शे-दोनशे कामं झाली असती. तितका वेळ हात बांधून बसा लागते. म्हणून त्याच्या अगदी उशाशी एक लहानसं कपाट देलं. त्याले म्हणतात कॅश. आधी कपाटात पाहाचं, नाई सापडलं तं मंग मेमरीत.

मी म्हटलं, "हा तं आमचा दवाखाना झाला."

"कसा गं?"

"डॉक्टर बसे ओपीडीत. साऱ्या गावाचे केसपेपर रेकॉर्ड रूममंदी, मैदानाच्या त्या टोकाले. अन् सिस्टरच्या टेबलावर एक खोका, त्यात रोज येणाऱ्यायचे पेपर. डॉक्टरनं नाव घेतलं की मी आधी खोका चाळो. त्यात नसला तं चपला घालून मैदान तुडवो."

वर्षाली खुर्चीवरून उठलीच. "आजी, मंग तू कोण होती, माहीत आहे? प्रोसेसर अन् कॅशच्या मधातली तार!"

सव्वीस वर्षं लोकं मले 'ओ बाई' म्हणत होते. तार कोणी नाई म्हटलं.

मंग तिनं सांगतलं की एक गोष्ट मागतली तरी कॅश एकटी आणत नाई, शेजारपाजारच्या भी सोबत उचलून आणते, कारण आता त्या लागतीनच. मी म्हटलं, हेही मीच करो. सासूचा पेपर आणला की सुनेचा सोबत आणो, सासू दवाखान्यात आली अन् सून मागं नाई आली असं होतच नाई. "अन् खोका भरला तं गं?" मी इचारलं.

"ज्याले लय दिवसात कोणी इचारलं नाई, त्याले मेमरीत परत."

"म्हाताऱ्यायसारखं."

"आजी, तू भी!" म्हणे अन् तिनं माह्ये गाल ओढले. बावीस वर्षाची पोरगी, पण गाल अजून तशीच ओढते.

संध्याकाळी सुभद्राले फोनवर सारं सांगतलं. ती म्हणे, "तू तार असन तं मी काय वं?" मी म्हटलं, "तू मैदान. तुडवून तुडवून थकली मी." दोघी खोकेपर्यंत हसलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल पहाटेच सुगत अमरावतीले गेला, ऑफिसचं अर्जंट काम निंगालं म्हणे. वर्षाली भी त्याच्यासोबत गेली, कॉलेजात सही पाह्यजे होती. आज दुपारी दोघं आले. सुगतनं घरात पाय नाई टाकला, सरळ मागच्या नळावर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. एवढ्या थंड्या पाण्यानं! मी खिडकीतून म्हटलं, "काहून रे?" म्हणे, "बसमंदी भल्ली धूळ होती माय." मंग वर्षालीनं भी तेच केलं. ज्योत्स्नानं दोघायचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवले.

पोट्टीचे डोळे सुजून लाल. "सर रागावले," म्हणे. मी म्हटलं, त्या सरले एकदा माह्यापुढे आण, मी त्याले दवाखान्यातली इंजेक्शनची गोठ सांगतो. ती हसली नाई. जेवली भी नाई. कोणीच नाई जेवलं, बाहेर खाल्लं म्हणे. मी अन् माह्यी अळणी भाजी.

माह्या बटनाच्या फोनचं तं नशीबच खोटं. ज्योत्स्नाच्या हातून पाण्याच्या बादलीत पडला. सुगत दुरुस्तीले घेऊन गेला.

२३ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस सुभद्राचा आवाज नाई. मी म्हटलं, वर्षाली, तुह्या फोनवरून लाव. ती म्हणे मोर्शीच्या आजीच्या फोनचं बोलणं बंद आहे, पण आवाजाचा निरोप येते. सुभद्राले टाइप येत नाई, बटन दाबून बोलाचं अन् बोट सोडाचं, हे वर्षालीनंच तिले शिकवलं. पोट्टी होस्टेलवरून दर रविवारी मोर्शीले जाऊन जेवे. सुभद्राच्या हातच्या सोल्याच्या भाजीसाठी, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्याच्या. माह्या हातची तिले तितकी आवडत नाई, हे मले माहीत आहे, पण मी मनाले लावून घेत नाई. थोडं घेते.

वर्षालीनं फोन माह्या कानाले लावला. "बाई, मी सुभद्रा बोलून राह्यली. जेवली का? माह्ये गुडघे कुरकुर करून राह्यले, पण चालतो. तू काळजी नोको करू. पोट्टीले पाठवजो." एवढंच. तरी जीव थंडा झाला.

मंग मी माह्या निरोप बोलली. सारं सांगतलं, ऑपरेशनच्या बिछान्यावर बाजूच्या बाईनं कसा गोंधळ घातला तिथपासून. वर्षालीनं बटन दाबून धरलं. "पोहोचलं का?" मी इचारलं. पोहोचलं की दोन खुणा होतात, हे मले माहीत आहे. एकच झाली. मोर्शीले रेंज नसन.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज सुभद्राचा दुसरा निरोप ऐकवला. "बाई, पाणी भल्लं पेत जाय. उन्हाचं बाहेर निंगू नोको, डोक्याले फडकं बांध." मागं कूलरसारखं घरघर वाजत होतं. मी हसत सुटली. नोव्हेंबरात उन्हाचं! वर्षाली म्हणे, "तिचं तसंच असते आजी." खरं आहे. लहानपणी भी ती पोळ्याच्या दिवशी राखी मागे. अन् घरघर चक्कीची असन, त्यायच्या गल्लीत चक्की आहे.

मंग शिकवणी झाली. वर्षालीचं खरं प्रोजेक्ट आता समजलं. आजकाल कॉम्प्युटरात प्रोसेसर एक नसते, चार-आठ असतात, अन् प्रत्येकाचं आपलं वेगळं कपाट. एकाच पेपरच्या नकला दोघातिघायच्या कपाटात असतात. एकानं आपल्या नकलेवर काही बदललं, तं दुसऱ्याच्या कपाटातली नक्कल जुनी झाली. म्हणून साऱ्या कपाटायले मिळून एक तार असते अन् सारे त्या तारेले कान लावून असतात. ज्यानं बदललं त्यानं तारेवर ओरडाचं, की माह्याजवळ नवं आहे, तुमच्या जवळचं खोटं झालं, ते खोडा. त्यायनं खोडाचं, अन् पुन्हा लागलं तं नवं मागाचं.

मले एक गोठ आठवली. दवाखान्याचं नाव नाई लिहत. दोन डॉक्टर दोन खोल्यात बसत अन् पेपर एकच, म्हणून सिस्टरनं हातानं नकला केल्या होत्या. एका बाईले एका गोळीनं अंगावर गांधी आल्या, पहिल्या डॉक्टरनं गोळी बंद लिहली. दुसऱ्या खोलीतल्या नकलेवर गोळी चालूच. मी खोका घेऊन जाता जाता पाह्यलं, अन् त्या बाईच्या हातातून गोळी झटकली. ती मलेच भांडली.

"म्हणजे आजी, तू ओरडली," वर्षाली म्हणे.

"अन् तार ओरडलीच नाई तं?"

"मंग काही होत नाई. प्रोसेसरले समजतच नाई. जुनी नक्कल मळत नाई, फाटत नाई, अगदी नव्यासारखी दिसते. तो तिच्यावरच हिशेब करत राह्यते. मजेत राह्यते, हसते, बोलते..."

इतकं बोलली अन् उठून सयपाकघरात गेली. नळ लय वेळ चालू होता. कॉम्प्युटर हसते-बोलते, हे मले आजच समजलं. पोट्टीनं परीक्षेची धास्ती घेतली, दुसरं काही नाई.

६ डिसेंबर, शनिवार

बाबासाहेबायच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली. मी पांढरं लुगडं नेसली, टाक्यावर पदर चांगला बसते. वंदना अर्धी झाली अन् ज्योत्स्ना हुंदके देऊन रडली. दरवर्षी आमचे डोळे भरतात, पण ही एवढी रडत नाई. सुगतनं तिले आत नेलं. लोकं म्हणतात सुना कठीण असतात. माह्यी नाई बा.

सुभद्राचा निरोप या दिवशी चुकत नाई. आज नाई आला. एकवीसले पंधरा दिवस राह्यले.

९ डिसेंबर, मंगळवार

मी चार दिवस डोकं खाल्लं तवा आज निरोप ऐकवला. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा. सुभद्रा तिखटाच्या मिरच्या कुटण्याबद्दल बोलली, शेजारणीची बकरी घरात घुसली त्याबद्दल बोलली. अन् मधातच मागून एक माणूस खोकलला अन् म्हणे, "मास्तरीणबाई, चहा भेटीन का आज?" सुभद्रा त्याले म्हणते, "थांबा जरा, बाईसंग बोलून राह्यली."

मी म्हटलं, पाहा, धर्मेंद्रचा आवाज कसा बापावर गेला! खोकला भी तोच. धर्मेंद्र सुभद्राचा पोरगा. बाप शेषराव, त्याले जाऊन दोन वर्षं झाली. सुभद्राले घरात सारं रांगेत लावाची सवय, म्हणून तो तिले मास्तरीणबाई म्हणे. आता पोरगा बापाची नक्कल करून आईची मस्करी करते, चांगलं आहे, घर हसतं पाह्यजे. मी वर्षालीले म्हटलं, पुन्हा लाव. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणे, "चुकून मिटला आजी."

संध्याकाळी तिनं जेवताना माह्या ताटात स्वतःहून लोणच्याची एक फोड टाकली, डॉक्टरनं बंद केलेली. मी पटकन खाल्ली.

१४ डिसेंबर, रविवार

आज ऊन चांगलं होतं. मी अन् ज्योत्स्ना अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो. पाच दिवस झाले, ते मास्तरीणबाई माह्या डोक्यातून जाऊन नाई राह्यलं.

धर्मेंद्र आईले भेते. चाळीस वर्षाचा झाला तरी तिच्यापुढं मोठ्यानं हसत नाई. तो तिले मास्तरीणबाई म्हणन का? अन् सुभद्रा पोराले 'थांबा' म्हणन का? पोराले कोणी अहोजाहो करते?

मी शेंगा सोलत सोलत सहज इचारलं, "धर्मेंद्रले खोकला आहे काय वं?" ज्योत्स्ना म्हणे, "नाई तं. काल तं चांगला बोलला." बोलली अन् जीभ चावली.

काल बोलला. म्हणजे फोन होतात. फक्त सुभद्राशी होत नाईत.

मंग एकेक करून सारं समोर आलं. कूलर. उन्हाचं बाहेर निंगू नोको. नळावरची आंघोळ, वेगळ्या बादलीतले कपडे. मी सव्वीस वर्षं पेपर वाह्यले. जुना पेपर कोणता, हे मले तारीख न पाहता समजे. त्यात जो माणूस जिता लिहला असे तो मेलेला असे. शेषराव त्या निरोपात जिता आहे. म्हणजे तो निरोप दोन वर्षाच्या मागचा आहे. अन् दोन वर्षाच्या मागचा निरोप मले काहून ऐकवतात? आजचा नाई म्हणून.

सुभद्रा नाई.

ही वही कोणी वाचत नाई म्हणून लिहलं. हातातली शेंग तशीच राह्यली. ज्योत्स्ना म्हणे, "आई, छातीत दुखते काय?" मी म्हटलं, उनानं डोळे दिपले, आत घेऊन चाल.

आत वर्षाली आरशापुढं उभी राहून परीक्षेचं पाठ करून राह्यली होती. तीन दिवस राह्यले. मी आता तोंड उघडलं तं हे पोरगी परीक्षेले उभी राहू शकणार नाई. तिनं महिनाभर सांभाळलं. मीही तीन दिवस सांभाळीन. मी पलंगावर बसली अन् म्हटलं, "चाल पोट्टे, मले पुन्हा समजावून सांग. पहिल्यापासून."

१६ डिसेंबर, मंगळवार

तीन दिवस मी पहिल्यासारखीच बडबड केली. खोटी बडबड करणं लय जड जाते. खरी आपोआप निंगते.

आज दुपारी वर्षाली फोन घेऊन आली. म्हणे, "आजी, मोर्शीच्या आजीले निरोप नाई बोलत का? लय दिवस झाले." तिले वाटलं असन, बुढी इचारत नाई म्हणजे काहीतरी ओळखलं. माह्यी परीक्षा घेऊन राह्यली होती. मी फोन घेतला. तिनं बटन दाबून धरलं.

काय बोलू? गेलेल्या बहिणीले काय सांगाचं? मी म्हटलं, "सुभद्रे, मी बाई. मी जेवली. उद्या पोट्टीची परीक्षा आहे, अमरावतीले, तू तिथं जवळ आहे तं तिच्यावर ध्यान ठेवजो. मी इथी ठीक आहे. तू..." मंग मी म्हटलं, "तू पाणी पेत जाय." अन् वर्षालीचं बोट मीच बटनावरून उचललं.

तिनं माह्याकडं पाह्यलं. मी तिले म्हटलं, पाहत काय राह्यली, इस्त्री केली का ड्रेसची?

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी पोट्टीच्या हातावर दही-साखर ठेवली. सुगत स्टेशनवर सोडून आला. चारले तिचा फोन आला ज्योत्स्नाच्या फोनवर. पास! बाहेरून आलेल्या सरनं इचारलं, दोन नकला वेगळ्या झाल्या तं खरी कोणती? तिनं सांगतलं, जी सगळ्यात शेवटी लिहली ती. सर खुश झाले. मी ओरडली, "शाब्बास माह्ये वाघिणी!" ते खोटं नोव्हतं. माह्यी नात इंजिनिअर झाली. तिसरी पास बुढीनं तिले शिकवलं, असं मी साऱ्या गल्लीले सांगणार आहे.

ती सात वाजता घरी आली. पेढे आणले. मी साऱ्यायले समोर बसवलं अन् म्हटलं, "आता सांगा. कोणत्या तारखेले?"

वर्षालीच्या हातातला डबा खाली पडला.

सुगत म्हणे, "माय, तुले कोणी..."

"कोणी नाई. तारीख सांग."

"एकोणीस नोव्हेंबर. पहाटे. झोपेतच. डॉक्टरनं तुले धक्का देऊ नोका म्हटलं होतं माय. सारे म्हणे तुह्यी छाती फाटीन."

"छाती तं डॉक्टरनं फाडून शिवली होतीच. अजून काय फाटत होती?" मी लय जोरात बोलली. टाके ओढले. मंग मी इचारलं, "आंघोळ कोणी घातली तिले?"

"सीमानं," सुगत म्हणे. सीमा धर्मेंद्रची बायको.

आमचं दोघीचं ठरलं होतं. शेषराव गेले त्या वर्षी सुभद्रा म्हणे, बाई, जे पहिले जाईन तिले दुसरीनं आंघोळ घालाची, दुसऱ्याचा हात नोको. मी हो म्हटलं होतं. एकोणीस तारखेले सकाळी मी इथी बसून अळणी उपमा खाऊन राह्यली होती. मरणानंतरचा जलदान विधी भी झाला. तुमी दोघं गेले, रडून आले, नळावर आंघोळी केल्या. मले सोडून तुमा साऱ्यायजवळ नवी गोठ होती.

मी कोणाले शिव्या नाई देल्या. द्याव्या वाटल्या. वर्षाली भिंतीले टेकून उभी होती, तिच्याकडं पाह्यलं अन् शिव्या गिळल्या.

२१ डिसेंबर, रविवार, मोर्शी

ठरल्या दिवशीच आली. सुगतनं गाडी केली, वर्षाली सोबत.

मले वाटलं होतं, उंबऱ्यातच बाया गळ्यात पडतीन, जशा पडतात, अन् मी मोकळी होईन. पण बत्तीस दिवस झाले. धर्मेंद्र अंगणात ट्रकमंदी संत्र्याचे कॅरेट चढवून राह्यला होता, हात पुसत आला अन् पाया पडला. सीमानं पाणी देलं, चहा ठेवला. शेजारच्या दोघी बाया आल्या. "कसं आहे बाई ऑपरेशन? कोणत्या दवाखान्यात केलं? चालाले दम लागते काय?" चांगल्या बाया आहेत. रडल्या असतीन त्या भी, तवा.

मी धर्मेंद्रले म्हटलं, सांग कसं झालं. त्यानं सांगतलं. रात्री जेवली, देठासकट मिरची खाल्ली, सकाळी उठली नाई. पन्नास जणायले सांगून सांगून त्याच्या बोलण्यातले काटे झिजले होते. तो सांगत होता अन् त्याचं ध्यान मधामधात ट्रककडं जात होतं. मी त्याले दोष देत नाई. त्यायचं रडणं बसून गेलं, अन् माह्यं आता येऊन राह्यलं. उशिरा आलेल्या पाहुणीसाठी कोणी पुन्हा पंगत मांडत नाई. मले लाज वाटली. सुभद्राच्या पलंगावर बसली, चादर दुसरीच होती, अन् डोळे कोरडे.

वर्षाली माह्या औषधाची पिशवी धरून दारातच उभी होती. आत येत नोव्हती. मी म्हटलं, "ये नं पोट्टे, तुह्यं तं हे घरच आहे."

ती आली अन् खाली बसली, माह्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणे, "आजी, तिचे एकशेबारा निरोप आहेत माह्या फोनमंदी, तुह्यासाठी बोललेले भी, मी होस्टेलवर असल्यानं तुले ऐकवाचे राह्यलेले. मी रोज सारे ऐकत होती. कोणता तुले चालीन, कोणत्यात तुले समजीन. ज्यात ती माह्यं नाव घेते ते बाजूले ठेवो, ज्यात ऊन-पाणी आहे ते बाजूले ठेवो, तरी एक सुटलाच. रोज गं. बाबा म्हणे डोळे सुजवू नोको, आजी पाहीन. मसणात भी म्हणे नोको रडू, घरी जाचं आहे. मले... आजी, मले मोकळं रडताच नाई आलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अन् मंग ती जशी रडली, तसं मोठ्यानं लहानपणापासून रडली नोव्हती. सुभद्रा आत्ताच गेली असं. मीही सुटली. एवढ्या घरात आमा दोघींचंच रडणं ताजं होतं.

सुगत धावत आला, "माय, टाके, माय..." सीमानं त्याले दारातच अडवलं. "रडू द्या भाऊजी," म्हणे, अन् तिनं आमच्यावर दार ओढून घेतलं. बाहेर धर्मेंद्र ट्रकवाल्याले सांगत होता, थोडं थांबा, आताच भरू नोका.